मुंबई बंदरातले बोये: लाल डावीकडे की उजवीकडे?

प्रश्न:
१८ फुटी फायबर बोट, मागे आउटबोर्ड इंजिन. गेटवेहून मांडवा आणि पुढे रेवस खाडीत जायचं आहे. अमेरिकन व्हिडिओंत सांगतात की समुद्रातून आत येताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) उजव्या हाताला ठेवा. इथल्या चार्टवर (सागरी नकाशावर) तो डावीकडे येतो. बरोबर काय? आणि काळ्या-पिवळ्या बोयावर दोन त्रिकोण असतात, तो कोणत्या बाजूने घ्यायचा? रात्री कसं ओळखायचं?

उत्तर १:
दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे. बोयांच्या रंगांसाठी जगात दोन विभाग आहेत. अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स 'बी' विभागात, आपण 'ए' विभागात. आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. बाहेर पडताना उलट. सूर्य समोर असला की रंग कळत नाही, तेव्हा आकार बघा: लाल बोया किंवा त्याच्या माथ्यावरची खूण डब्यासारखी, हिरव्याची शंकूसारखी.

पण गेटवे-मांडवा म्हणजे चॅनेल (मोठ्या जहाजांची खोल वाट) आडवा ओलांडणं, त्यामुळे डावं-उजवं इथे फारसं कामाचं नाही. मोठं जहाज बोयांच्या रांगेबाहेर वळू शकत नाही. २० मीटरपेक्षा लहान बोटीने त्याची वाट अडवायची नाही, असं समुद्रावरची टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम ९ सांगतो. थांबा, जहाज जाऊ द्या, मग त्याच्या मागून सरळ काटकोनात ओलांडा. बाकी वेळ चॅनेलच्या बाहेरून चला. तिथली खोली मात्र चार्टवर आधी बघा. चार्टवरचा आकडा जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीचा असतो, भरतीचं पाणी त्यावर मिळवायचं.

उत्तर २:
काळा-पिवळा बोया धोका कोणत्या दिशेला नाही ते सांगतो. उत्तरेचा बोया असेल तर त्याच्या उत्तरेकडून जा. होकायंत्र नसेल तर ही खूण वाया गेली. दोन्ही शंकू (तुम्हाला दिसणारे त्रिकोण) वर टोक करून: उत्तर. दोन्ही खाली: दक्षिण. बुडाला बूड, टोकं एकमेकांपासून दूर: पूर्व. टोकाला टोक: पश्चिम. शंकूची टोकं जिकडे, तिकडे काळा पट्टा, म्हणून खूण तुटली असली तरी रंगावरून कळतं. पश्चिमेच्या बोयाला काळा पट्टा मधे, पूर्वेच्या बोयाला वर आणि खाली.

रात्री या बोयांचा दिवा पांढरा, आणि चमका घड्याळाप्रमाणे: पूर्वेला ३, दक्षिणेला ६ आणि लगेच एक लांब चमक, पश्चिमेला ९. उत्तरेचा न थांबता लुकलुकतो. ती लांब चमक कमीत कमी दोन सेकंदांची असते. लाटेआड एखादी चमक हुकली तरी सहा आणि नऊ यांत घोळ होऊ नये म्हणून ती आहे.

काळा-लाल-काळा बोया, वर दोन काळे गोळे, दोन-दोन चमका: खाली सुटा खडक किंवा बुडालेलं काही. चारही बाजूंनी लांब राहा.

उत्तर ३:
रात्री नुसत्या रंगावर जाऊ नका. दक्षिण मुंबईच्या दिव्यांत लाल-हिरवे ढिगाने दिसतात. स्टॉपवॉच लावा, एका गटाच्या पहिल्या चमकेपासून पुढच्या गटाच्या पहिल्या चमकेपर्यंत मोजा, दोनदा तरी, आणि चार्टवरच्या सेकंदांशी ताडून पाहा.

बोया साखळीने तळाच्या वजनाला बांधलेला असतो. ओहोटीला साखळी सैल पडते आणि तो जास्त फिरतो, म्हणून त्याला घासून जाऊ नका. पावसाळ्यात साखळी तुटून बोया सरकतो, दिवाही बंद पडतो. त्यामुळे जीपीएस, खोली आणि बोया, तिन्ही जुळायला हवेत. पाण्याची ओढ कुठे आहे ते बोयाच सांगतो: तो ओढीबरोबर कलतो आणि त्याच्या मागे पाण्यात फेसाची शेपटी उठते. शेपटीच्या बाजूने जा. ओढ जिकडून येते त्या बाजूने गेलात आणि इंजिन बंद पडलं, तर ओढ बोट थेट बोयावर नेऊन आपटते.

प्रश्नकर्ता:
लाल बोया, मधे हिरवा पट्टा, त्याचं काय?

उत्तर १:
तिथे वाट फुटते. आत येताना मुख्य चॅनेल उजवीकडे आहे, म्हणून त्याला लालच समजून डाव्या हाताला ठेवा. फाट्याच्या वाटेने जायचं असेल तर तो उजव्या हाताला ठेवा. दिवा लाल, आधी दोन चमका, थोडं थांबून एक.