फाइल पुरेशी नाही, मापही हवे

प्लायवूडचे सुटे भाग संगणकावरील आराखड्यानुसार कापून, खाचांत बसवून जोडलेल्या फर्निचरबद्दल असे म्हटले जाते की, आराखड्याची फाइल जपून ठेवली की मोडलेला भाग कुठल्याही सीएनसी राउटरवर (संगणकाच्या सूचनांनुसार लाकूड कापणाऱ्या यंत्रावर) पुन्हा कापून घेता येतो आणि म्हणून ते दीर्घकाळ टिकते. हा मुद्दा मला मान्य आहे, पण तो अपुरा वाटतो. बाजारात १८ मिलिमीटर म्हणून विकले जाणारे प्लायवूड प्रत्यक्षात बरेचदा त्याहून थोडे पातळ भरते, आणि खिळे वा गोंद न वापरता केवळ खाचेत घट्ट बसणाऱ्या जोडात अर्ध्या मिलिमीटरचा फरकही टेबल डगमगवायला पुरतो. त्यामुळे फाइलमध्ये जाडी हा बदलता येणारा आकडा असला पाहिजे, आणि कापण्यापूर्वी हाती आलेले शीट व्हर्नियर कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजून तो भरला पाहिजे. शिवाय गोल फिरणारे ६ मिलिमीटर व्यासाचे बिट, म्हणजे यंत्राचे कापणारे पाते, आतल्या कोपऱ्यात ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडते. तिथे कोपरा जरा पुढे कोरण्याची सोय आराखड्यातच करावी लागते, नाहीतर पट्टी खाचेत शेवटपर्यंत बसतच नाही.

दुसरे असे की, प्रत्येक वस्तूचे सुटे भाग फक्त त्याच वस्तूला बसत असतील, तर मॉड्युलर, म्हणजे सुट्या व अदलाबदल करता येणाऱ्या भागांच्या, रचनेचा निम्मा लाभ वाया जातो. बेल्जियमचे डिझायनर थॉमस लोमे यांनी सुरू केलेल्या ‘ओपनस्ट्रक्चर्स’ प्रकल्पात ४ सेंटिमीटरच्या चौकटीची सामायिक जाळी ठरवलेली आहे, ज्यामुळे एकाने बनवलेला भाग दुसऱ्याच्या सर्वस्वी वेगळ्या वस्तूत वापरता येतो. आपल्याकडे आराखडे मोकळेपणाने वाटले जाऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांच्यासोबत असे एखादे समान माप आधी ठरावे, असे मला मनापासून वाटते.