दुपारी न झोपणारी लेकरं : तुमच्या घरी काय काय करून झालं?

उमरेडरोड
वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, दीड वर्षाचं लेकरू आहे. दुपारी सगळं शांत झालं की आधी पैंजण वाजतात, मग आईचं "झोप रे राजा", थोड्या वेळाने "झोप ना रे बाबा", आणि शेवटी नुसतंच "झोप!" आज ते शेवटचं ऐकलं आणि हसू आवरेना.

माझा मुलगा आता दहावीत आहे, सकाळी उठता उठत नाही. पण २०१३ च्या मे महिन्यात तो एवढाच होता. नागपूरकरांना तो मे आठवत असेल, २३ तारखेला पारा ४७.९ वर गेला होता. बाहेर कुत्रंसुद्धा नाही, घरात पडदे ओढलेले, कुलरसमोर चटई, खसचा वास. कोणालाही झोप लागावी. आणि हा माझ्या पोटावर बसून दोन बोटांनी माझी पापणी वर उचलून आत बघायचा. "आई, आहे?"

अंगाई झाली, गोष्टी झाल्या, साडीची झोळी बांधून झाली. चाललं काय, तर सासऱ्यांचा पेपर. ते त्याला मांडीवर घेऊन कळमना बाजारातले भाव वाचायचे. तूर, हरभरा, गहू, लाल मिरची, क्विंटलला इतके ते इतके. एका सुरात, मान न हलवता. मिरचीपर्यंत पोरगं गार. पहिल्या पानावरच्या बातम्या वाचल्या की मात्र उठून बसायचा.

तुमच्याकडे काय चाललं ते लिहा. नाही चाललं तेही लिहा.

तर्रीपोहे
आमचं पोट्टं नाही झोपत, मीच झोपून जातो न बावा. बायको म्हणते, तुम्ही त्याले थोपटता का सोताले? परवा जागा झालो तं अर्ध्या मिशीले पावडर लागेल होती आन साहेब पलंगाखाली बसून माह्या चष्म्याची दांडी चावून राहिले होते.

गोधडी
@तर्रीपोहे 😂😂 आमच्याकडे पण हेच. तो "बाबाला झोपवलं" असं आजीला सांगतो.

मनीषनगरची ताई
मी पाळणाघर चालवते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची त्यातच धरायची. तीन वर्षांनंतर १० ते १३. म्हणजे रात्री भरपूर झोपणारं पोर दुपारी कमी झोपलं तर ते बिघडलेलं नाही. खरा गोंधळ साधारण १५ ते १८ महिन्यांत होतो. दिवसातल्या दोन झोपांची एक व्हायला लागते, सकाळची सुटते, दुपारची अजून बसलेली नसते. हे काही आठवडे सगळ्यांनाच जड जातात.

माझ्याकडे जेवण बाराच्या आत. मग हातपाय धुणं, लंगोट बदलणं, पडदे. रोज तेच, त्याच क्रमाने. पोर डोळे चोळतंय, कान ओढतंय, विनाकारण रडतंय, ही वेळ पकडायची. ती निघून गेली की पोर जास्त दमतं आणि जास्तच नाचतं. आयांना वाटतं, अजून खेळू दे, दमेल म्हणजे झोपेल. उलट होतं. आणि दुपारी चारनंतर झोपलं तर रात्री बारापर्यंत तुमचं जागरण ठरलेलं.

आया विचारतात, तुमच्याकडे कसा झोपतो, घरी तर नाही झोपत. अहो, इथे आजूबाजूला आठ जण आडवे असतात. घरी तुम्ही त्याच्याशेजारी पडून मोबाईल बघता. त्याला वाटणारच, मजा चालू आहे.

वर्धारोड
ताई, शेवटचं वाक्य जरा लागलं 🙈 मी दुसऱ्या हाताने थोपटत असते हो!

ऑरेंजलाइनवाला
आमच्या लेकीला चाकं लागतात. उन्हात गाडीवर नेणं शक्य नाही म्हणून बायकोने मेट्रो सुचवली. एसी, गर्दी कमी. जयप्रकाश नगरला चढलो, अजनी येईस्तोवर पोरगी खांद्यावर आडवी. मी खुश. सीताबर्डी गेलं, झिरो माइल गेलं, कस्तुरचंद पार्क गेलं. गड्डीगोदामला एका काकांनी त्यांच्या नातवाला मोठ्याने सांगितलं, "पाहा पाहा, खालून रेल्वे जाऊन राहिली!" सर्वात वर मेट्रो, तिच्याखाली उड्डाणपूल, त्याखाली रेल्वे, त्याखाली रस्ता. ती जी उठली ती "आगगाडी कुठे" करत थेट ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत. परत येताना मी पेंगत होतो, ती नाही.

रेशीमबागेतली आजी
आमच्या वेळी जायफळ उगाळून चाटवायचे, पोरं संध्याकाळपर्यंत हूं की चूं करत नसत. आताच्या मुलींना सगळ्याचीच भीती.

नंदनवन
काकू, राग मानू नका, पण माझी नणंद मुलांची डॉक्टर आहे, ती यावर फार चिडते. जायफळ जास्त झालं तर विषारी असतं, आणि सहाणेवर किती वेढे म्हणजे किती गेलं ते कोणाला कळतं? सर्दीखोकल्याचं औषध "झोप लागते" म्हणून देणारेही तिच्याकडे येतात. तेही करायचं नाही.

रेशीमबागेतली आजी
बरं बाई. झोळीला तर हरकत नाही ना तुझ्या नणंदेची?

नंदनवन
😄 झोळीत मी स्वतः वाढले. गाठ आणि वरचा हूक तेवढा तपासा, आणि लक्ष ठेवा.

घरून_काम
दुपारची मीटिंग आणि त्याची झोप एकाच वेळी. म्यूट करून थोपटते, अनम्यूट करून "हो सर", परत म्यूट. त्याचा पहिला स्पष्ट शब्द आई नाही, बाबा नाही. "मूट."

दोनदोन
जुळी आहेत. एक झोपला की दुसरी त्याला उठवते. तिला घेऊन बाहेर गेले की तो उठतो, कारण ती नाही. यापुढे काही लिहायची ताकद नाही.

गोधडी
@दोनदोन मिठी तुम्हाला. कोणी मदतीला आहे का?

दोनदोन
आई येते शनिवारी. त्या दिवशी दोघंही बारालाच झोपतात, आणि आई म्हणते, किती गुणी आहेत, तू उगाच ओरडतेस.

महालकर
सगळं जमतं हो. कुशीतून हात काढणं जमतं, एकेक बोट सोडवणं जमतं, पलंग न करकरता उतरणं जमतं. आणि दाराशी पोचलो की गल्लीत भोंगा. "टीनटप्पर, भंगार, जुनी बॅटरी, कुलर..." रेकॉर्ड केलेला आवाज, बंदच होत नाही. यंदा मारबतीच्या मिरवणुकीत, गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या त्या पुतळ्यांमागे, मी स्वतः ओरडणार आहे. दुपारच्या भंगारवाल्याला घेऊन जा गे मारबत!

तर्रीपोहे
हाव ना! काळी आन पिवळी दोघींच्याही मागं लागा, एकीच्यानं नाही होणार.

वर्धारोड
महालकर, तुमचं ते एकेक बोट सोडवणं 😭 माझी तर माझ्या मंगळसूत्राला घट्ट धरून झोपते. गळ्यातून काढून तिच्या मुठीत ठेवून उठते आताशा.

मनीषनगरची ताई
मंगळसूत्र नको गं, मणी तोंडात जाईल. जुनी ओढणी दे, तुझ्या वासाची.

वर्धारोड
हो ताई, आजच करते.

झिंगाबाई_टाकळी
विषय थोडा वेगळा आहे पण वर खस वाचलं म्हणून विचारते. कुलरला ताट्या खसच्या लावता की वूडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या किसाच्या? आमच्या जुन्या लोखंडी कुलरचा एवढा खडखडाट आहे की बाळ दचकून उठतं.

उमरेडरोड
खसच्या. महाग पडतात पण गारवा वेगळाच. खडखडाट ताट्यांचा नसेल, मोटरचे नट ढिले असतील, कसून घ्या.

ऑरेंजलाइनवाला
आमच्या लेकीला उलट कुलरचा आवाजच लागतो. लाइट गेली की आवाज थांबतो आणि ती उठते. पावसाळ्यात टाकी रिकामी करून पुसून ठेवत जा मात्र, डेंग्यूचे डास त्यातच होतात.

झिंगाबाई_टाकळी
नट कसून झाले, मोटर बदलून झाली. आता नवीनच घेते. महालकर, तुमचा तो भंगारवाला आमच्याकडे येत नाही हो. त्याचा नंबर असेल तर द्या, दुपारीच पाठवा.