अनुभव धागा : पिशवीतलं मॉल्ट आणि कोकणातली हवा

खाडीकाठ (धागाकर्ता)

जवाच्या मॉल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांपासून, घरी बिअर करायची तर पूर्वी तीन भांडी आणि बरीच नळ्यांची भानगड लागायची. ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी 2000 नंतरच्या दशकात ती मोडीत काढली. एक मोठा टोप गरम पाणी, त्यात कापडी पिशवी, पिशवीत भरडलेलं मॉल्ट. तासभर मुरलं की पिशवी उचलायची, पिळायची आणि खाली राहिलेला गोड रस, म्हणजे वर्ट, त्याच टोपात हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) घालून तासभर उकळायचा. थंड झाला की यीस्ट. पुढचं काम यीस्टचं.

व्हिडिओ ढिगाने आहेत, पण बहुतेक थंड देशातले. मे महिन्यात विहीर मचूळ झाली तर काय, आषाढात मॉल्ट सर्दावलं तर काय, हे त्यात कोण सांगणार? म्हणून डहाणूपासून कारवारपर्यंतच्या, आणि तिकडून उठून जगात कुठेही गेलेल्या मंडळींनी आपापलं लिहावं.

कायद्याचं आधीच सांगतो. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. गोव्यातही परवाना लागतो. ब्रिटनमध्ये 1963 पासून आणि अमेरिकेत 1978 च्या कायद्यानंतर घरगुती बिअर मोकळी झाली, आपल्याकडे नाही. तेव्हा ज्याने त्याने आपलं बघावं, आणि कोण कुठे बसून लिहितंय याची चौकशी इथे कोणी करू नये.

सुरुवातीला म्हणून माझं माप देतो. 10 लिटर बिअरला 2.3 किलो मॉल्ट आणि साडेपंधरा लिटर पाणी, सगळं एकदमच. दाणा दीड-पावणेदोन लिटर पिऊन बसतो, उकळताना तीन-साडेतीन लिटरची वाफ होते, तळाच्या गाळात थोडं जातं. टोप 20 लिटरच्या खाली नको, पहिल्या उकळीचा फेस एकाएकी वर येतो. मंडपवाल्यांकडे भाड्याने मिळतात त्यातला चालतो. हायड्रोमीटरवर (रसाची घनता मोजणारी तरंगती काचेची नळी) 1.048 च्या आसपास आकडा आला की समजायचं, दाण्यातली साखर नीट उतरली.

एक फरक लक्षात ठेवा. थंड देशातली कोष्टकं पाणी जरा जास्त तापवायला सांगतात, कारण त्यांचं मॉल्ट गारठलेलं असतं. आपल्याकडे डब्यातलं मॉल्टच 30 अंशांवर असतं. पाणी 69 ला असताना टाकलं की 67 वर बसतं. मग टोपाला गोधडी गुंडाळायची आणि झाकण उघडून सारखं बघायचं नाही.

हापूस_ते_मेलबर्न

मूळ देवगड, सध्या मेलबर्न. इथे घरी बिअर करायला कोणी अडवत नाही, त्यामुळे बिनधास्त लिहितो.

पिशवीबद्दल लिहायचंय. विकत मिळते, पण माझी आईने शिवली. ती इथे राहायला आली होती, मी इंटरनेटवर पिशव्या बघत होतो, ती म्हणाली, "ह्याला पैसे कशाला? नाचणीचं सत्त्व गाळतो तसंच ना रे हे?" तसंच आहे. फक्त कापड वेगळं. सत्त्वाला चालतो तो सुती पंचा इथे चालत नाही, पिठाने त्याची भोकं बुजतात आणि पिशवी उचलली की पाणी आतच राहतं. पॉलिएस्टरचं जाळीदार पडद्याचं कापड घ्यायचं, ज्यातून पलीकडचं अंधुक दिसतं तेच. आईने शिवण दुहेरी घातली, टोकं आतल्या बाजूला दुमडली आणि तोंडाला नाडी ओवली. पिशवी टोपापेक्षा मोठी हवी. टोपाच्या कडेवरून बाहेर दुमडली पाहिजे, म्हणजे मॉल्ट आत मोकळं फिरतं, गोळे होत नाहीत.

टोपाच्या बुडाशी पिशवी टेकली आणि खाली आच चालू असली तर कापड वितळतं. बुडाला स्टीलची भोकाची ताटली उपडी घाला. इडलीपात्रातली बसते.

इथल्या लोकांची आणखी एक सवय तुमच्या कामाची आहे. वर्ट थंड करायची घाईच करत नाहीत. उकळता रस जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरायचा, उष्णता सोसणारा आणि खाण्याच्या वस्तूंसाठीचा कॅन हवा, हवा पिळून काढून झाकण लावायचं, कॅन आडवा करून तोंडाकडची बाजूही त्या उष्णतेने निर्जंतुक करून घ्यायची आणि रात्रभर सोडून द्यायचा. इथे पाण्याचा दुष्काळ असायचा म्हणून रूढ झालं म्हणतात. कोकणात दुसरं कारण आहे. विहिरीचं पाणीच 26-27 अंश, गार करायला तांब्याच्या नळीची कितीही वेटोळी फिरवलीत तरी वर्ट त्याच्या खाली जाणार नाही.

जांभ्याचं_घर

तुमी सगळे पिशयेचा काय घेऊन बसलास? पाण्याचा बोला आदी!

बरं, प्रमाण मराठीत लिहितो. राजापूरकडे आमची विहीर जांभ्यात खोदलेली. जांभ्यातल्या पाण्यात क्षार नावालाच. डाळ पटकन शिजते, साबणाला फेस भरपूर, आणि फिकट रंगाच्या बिअरला असं मऊ पाणी उत्तम. फक्त इतक्या मऊ पाण्यात कॅल्शियम कमी पडतं, ते असलं की यीस्ट नीट तळाला बसतं. 15 लिटरला अर्धा चमचा जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड घालतो. खाण्याच्या दर्जाचं, दुकानात पीओपी म्हणून मिळतं ते नव्हे.

समुद्राकाठी, पुळणीतल्या विहिरींचं उलट. एप्रिल-मेमध्ये गोडं पाणी खाली गेलं की खारं आत शिरतं. जिभेला जरा जरी मचूळ लागलं तरी त्यात मॉल्ट भिजवू नका, सरळ फिल्टरचं पाणी घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पावसाळा आला की ग्रामपंचायतीचा माणूस विहिरींत पावडर टाकत फिरतो. रोगराईसाठी ते हवंच, त्याला नावं ठेवू नका. पण त्यातल्या क्लोरीनची मॉल्टशी आणि यीस्टशी गाठ पडली की बिअरला दवाखान्याचा वास येतो, बँडेज उघडल्यासारखा, आणि तो पुढे कशाने म्हणजे कशाने जात नाही. लोक पिशवीला, हॉप्सना, यीस्टला दोष देत बसतात. उपाय फुकट आहे : आदल्या रात्री पाणी पंधरा मिनिटं उकळून उघड्या टोपात ठेवा. शहराच्या नळाला क्लोरामाइन असेल तर उकळून भागत नाही, चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लागतं. लोणची-सरबतवाल्यांकडे असतंच.

दीर_पोलिसात_आहेत

नावावरून कळलं असेलच, मी यीस्ट टाकत नाही! गुहागरला घर, सासरे, दोन जावा, येणारंजाणारं माणूस. मी वर्टपर्यंत येते आणि थांबते. हॉप्सही नाहीत. निम्मं मॉल्ट घेते, उकळताना आलं ठेचून घालते, गार झाल्यावर लिंबू, आणि पितेवेळी सोडा. मुलं कोकम सरबत सोडून हे मागतात. फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे ठेवू नये. हवेतलं यीस्ट परवाना विचारत नाही, आपणहून फसफसायला लागतं.

पण मुरवण्याचा भाग तर तुमच्यासारखाच आहे, म्हणून लिहिते. पिष्टाची साखर झाली की नाही हे चवीवरून कळत नाही, कारण दहा मिनिटांतच गोड लागायला लागतं. पांढऱ्या बशीत चमचाभर रस घ्यायचा, दाणे येऊ द्यायचे नाहीत, त्यात औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब. निळा-काळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे. नुसता पिवळट-तांबूस राहिला तर झालं. पहिल्या पंधरा मिनिटांत शाईसारखा काळा होतो, पाऊण तासाने अजिबात नाही. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोगच. बशीतला रस मोरीत, टोपात परत नाही!

तापमानाचंही थोडं कळलं. 62-65 अंशांवर मुरवलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त होते, म्हणजे तुमची बिअर कोरडी, गोडवा कमी. 68-70 ला मुरवलं तर यीस्टला न पचणारा भाग जास्त राहतो, पेय भरीव लागतं. मला यीस्टचं काही पडलेलं नाही, म्हणून मी 69 ला ठेवते.

भरडायला गिरणीत नेऊ नका. गिरणीवाला मिरची दळून झाल्यावर तुमचं मॉल्ट घेतो. आमचं जुनं जातं आहे, त्यावर भरड काढते. दाणा फुटला पाहिजे, तूस शक्यतो अख्खं. पिशवी असल्यामुळे जरा बारीक झालं तरी अडत नाही, हा या पद्धतीचा मोठाच फायदा. जातं नसेल त्यांनी मिक्सर टिचक्या देत फिरवावा.

ओली पिशवी उचलायला दोन माणसं लागतात हे कोणी लिहिलं नाही. पडवीच्या वाशाला दोरी टाकून टांगते, खाली टोप, आणि निथळत असताना जाडजूड रबरी हातमोजे घालून पिळते. पिळू नये, तुरटपणा उतरतो, असं वाचलं होतं. मला तरी कधी जाणवला नाही. चोथा गाईला. त्यातला वाटीभर थालीपिठाच्या भाजणीत, तूस दातात येतं पण खमंग होतं.

आषाढी_स्टॉक

सर्दावलेल्या मॉल्टबद्दल धागाकर्त्याने विचारलंय. भरडलेलं मॉल्ट पावसाळ्यात ठेवायचंच नाही. अख्खं घ्या, दाताखाली कटकन फुटतंय का बघा, आणि बिस्किटांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दाणा चिवट लागला की मऊ पडला समजा. बुरशीचा वास आला तर उन्हात घालून वाचवत बसू नका, टाकून द्या. हॉप्सची पाकिटं फ्रीजरमध्ये, मासळीपासून लांब.

सावंतवाडी_ते_पणजी

मी गोव्यात परवानाधारक ब्रुअरीत कामाला आहे. मोठ्या टाकीत जाण्याआधी नवी पाककृती आम्ही 20 लिटरवर पिशवीतच करून बघतो, म्हणजे व्यवसायातले लोकही ही पद्धत वापरतात.

वरच्या सगळ्यांनी गरम बाजूचं, म्हणजे मुरवण्या-उकळण्याचं लिहिलं. बिअर बिघडते ती मात्र बहुतेकदा थंड बाजूला, म्हणजे यीस्ट टाकल्यानंतर. बिअरच्या नेहमीच्या, ‘एल’ जातीच्या यीस्टला 18 ते 20 अंश लागतात. खोली 31 ची असली तर आंबताना स्वतःच्याच उष्णतेने कॅन आणखी तीन-चार अंश वर जातो. त्या तापमानाला यीस्ट जड अल्कोहोल आणि नेलपॉलिशसारखे वास बनवतं. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचं खापरही बरेच जण त्यावरच फोडतात. ओलं फडकं गुंडाळा असा सल्ला मिळेल. जानेवारीत, वारा कोरडा असताना, चालतो. जुलैत हवाच ओली, फडकं सुकणारच नाही तर थंडावा कुठून येणार?

दोन रस्ते आहेत. पहिला, मासळी बाजारातला थर्माकोलचा मोठा खोका. दोनदा सोड्याने धुवा, उन्हात टाका, आत कॅन आणि बाजूला पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या, सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. पहिले तीन-चार दिवस नेमाने करा, चव तेव्हाच ठरते. दुसरा, क्वाइक यीस्ट. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं यीस्ट आहे. थंड देशातलं असून त्याला 35 अंशांच्या वर आवडतं, चार-पाच दिवसांत काम उरकतं, आणि व्हॉस नावाच्या वाणाला संत्र्यासारखा वास आहे. आपल्या किनाऱ्यासाठी नवख्याने डोळे झाकून हेच घ्यावं. फ्रिज, थर्मोस्टॅट, वीज जाणं, कशाचीच कटकट नाही. मात्र पातळ वर्टमध्ये यीस्टचं खाद्य चिमूटभर जास्त घाला, हे उपाशी राहिलं तर रेंगाळतं.

स्थानिक माल घालायचा मोह सगळ्यांना होतो. जाडे पोहे घाला, बेलाशक. तांदूळ आधीच शिजून चेपलेला असतो, वेगळा शिजवावा लागत नाही, सरळ मॉल्टबरोबर पिशवीत. 2 किलो मॉल्टला 300 ग्रॅम, बिअर हलकी आणि लख्ख होते. कोकमाचं आगळ मात्र नको, त्यात मीठ असतं. रातांब्याची ताजी किंवा बिनमिठाची सुकी सालं, जोराचं आंबणं उरकल्यावर.

माडाखालचा

आणि यीस्टऐवजी माडी? मालवणात ती दारात येते, आणि गोव्यात सान्नांचं, म्हणजे तिथल्या इडलीसारख्या पदार्थाचं, पीठ हिच्यावरच फुगतं.

सावंतवाडी_ते_पणजी

फुगतं, कारण तिच्यात यीस्ट आहेच. पण दही लावणारे आणि शिरका करणारे जंतूही आहेत, आणि बिअर सान्नांसारखी तासाभरात चुलीवर जात नाही, दोन आठवडे बसते. आंबटच होणार. आंबट आवडत असेल तर लिटरभर वेगळं काढून त्यात करा. आणि ती नळी, तो कॅन पुन्हा साध्या बिअरला वापरू नका, ओरखड्यांत ते जंतू घर करतात.

नवखा_अलिबाग

सगळं वाचलं. बाटल्या फुटतात असं ऐकलंय, तेवढं कोणी सांगा.

खाडीकाठ

आंबणं संपायच्या आत भरल्या तर फुटतात, आणि काच उडते, गंमत नाही. हायड्रोमीटरचा आकडा लागोपाठ तीन दिवस तोच आला पाहिजे. एअरलॉकमध्ये (आतला वायू बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं झाकण) बुडबुडे येत नाहीत हा पुरावा नव्हे. मग लिटरला 6 ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये एकदम मिसळा. बाटलीबाटलीत चमच्याने टाकत बसाल तर एक सपक आणि एक कारंजं.

भरताना एक बाटली सोड्याची प्लास्टिकची घ्या, बाकी जाड काचेच्या. आपल्या उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांत प्लास्टिकची बाटली अंगठ्याने दाबली जाईनाशी होते. त्याच दिवशी सगळ्या फ्रिजमध्ये टाका. बाहेर ठेवायची वेळ आलीच तर गोणपाट घातलेल्या क्रेटमध्ये, माणसांच्या वाटेत नको.