जाऊबाईंची पिशवी काढलीय, इस्ट्रोजेनची गोळी सुरू करावी का? सल्ला हवा

वावरातली_वहिनी
नमस्कार. आम्ही दर्यापूर तालुक्यातले. माझ्या मोठ्या जाऊबाई ४१ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी अंगावरून फार जायचं म्हणून एका खाजगी दवाखान्यात पिशवी काढली. तेव्हापासून अंगातून वाफा निघतात. रात्री तीनतीनदा उठून पदराने मान पुसतात, उशी उलटी करतात. उन्हाळ्यात वाटलं, ऊनच तसं आहे. पण पौषाच्या थंडीतही चादर फेकून ओसरीत येऊन बसतात, तेव्हा मला राहवलं नाही.

डॉक्टरांनी इस्ट्रोजेनची, म्हणजे एस्ट्राडायॉल व्हॅलरेट २ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला, हार्मोन म्हणजे कॅन्सरला आवतन. शेजारच्या काकू म्हणतात, सोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं. पंधरा दिवस झाले, पाकीट देवघराच्या फळीवर तसंच पडून आहे. जाऊबाईंना थायरॉइडची गोळी चालू आहे, आणि त्यांच्या आईच्या पायात रक्ताची गाठ झाली होती. काय करावं?

सोयाबीनवाला
आमच्या घरी सोयाबीनचं पीठ कणकेत घालतात. आईला त्याने बरं वाटतं. करून पाहा.

परिचारिका_वर्धा
सोयाबीन खाऊ द्या, चांगलंच आहे. पण त्यातलं इस्ट्रोजेनसारखं द्रव्य फार दुबळं असतं. इतक्या लहान वयात गेलेल्या हार्मोनची भरपाई त्याने होणार नाही.

वहिनी, सगळ्यात आधी ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर नुसतं टीएएच असेल तर फक्त गर्भाशय काढलं. पुढे बीएसओ असेल तर नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही गेली. आपल्याकडे सगळंच ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत सांगतात. काय काय काढलं हे त्या बाईलाच ठाऊक नसतं. वॉर्डात हे रोज पाहते आणि दर वेळी जीव तुटतो.

अंडाशयं गेली असतील तर हे औषध म्हणजे काढून घेतलेलं परत देणं आहे. एस्ट्राडायॉल हे अंडाशय स्वतः तयार करतं तेच हार्मोन. ते एकाएकी बंद झालं की मेंदूतली तापमान सांभाळणारी जागा हळवी होते, जराशा उबेनेही घाम फोडते. वाफा त्याच्याच. हाडंही लवकर ठिसूळ व्हायला लागतात, ते मात्र कुणाला दिसत नाही. म्हणून इतक्या लहान वयात अंडाशयं गेलेल्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, पन्नाशीच्या आसपासपर्यंत हे देतात.

आता कॅन्सरचं. ही भीती मुख्यतः २००२ साली अमेरिकेत मध्येच थांबवलेल्या एका मोठ्या अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. त्यांना गाभण घोडीच्या मुतापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि सोबत एक कृत्रिम प्रोजेस्टिन दिलं होतं. गर्भाशय नसलेल्या बायकांचा गट वेगळा होता, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन मिळालं. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पक्षाघात मात्र थोडा वाढला, ते लपवू नये. तुमच्या जाऊबाई ४१ च्या आहेत, तो हिशेब त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.

प्रोजेस्टेरॉन देतात ते गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला आवर घालायला. नुसत्या इस्ट्रोजेनने ते अस्तर जाड होत जातं आणि तिथे कॅन्सरचा धोका वाढतो. गर्भाशयच नसेल तर सहसा गरज नाही. काकूंना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांच्यापुरतं बरोबर असेल.

खरा प्रश्न मला वेगळा वाटतो: तोंडाने की कातडीतून? गोळी आतड्यातून थेट यकृतात जाते. तिथे बऱ्याच एस्ट्राडायॉलचं इस्ट्रोन होतं, ते कमजोर असतं. मूळ रूपात रक्तात पोचतं साधारण पाच टक्के. म्हणून गोळी मिलिग्रॅममध्ये द्यावी लागते आणि कातडीवरच्या पट्टीचं काम दिवसाला ५० मायक्रोग्रॅमवरही भागतं. शिवाय यकृतावर एकदम लोंढा आला की ते रक्त गोठवणारी द्रव्यं जास्त बनवतं. जेल किंवा पट्टीचं औषध आधी रक्तात मिसळतं, यकृताकडे हळूहळू जातं. त्यामुळे गाठीचा धोका फारसा वाढलेला दिसत नाही. आईला गाठ झाली होती हे डॉक्टरांना सांगितलं होतं का? नसेल तर गोळी सुरू करण्याआधी सांगा आणि जेलबद्दल विचारा.

थायरॉइडचंही तेच. तोंडाने इस्ट्रोजेन घेतलं की थायरॉइडचं हार्मोन बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं, मग थायरॉइडची गोळी कमी पडू शकते. जेलने सहसा तसं होत नाही. तरी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या.

घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा जाऊबाईंना फिट्सची गोळी वा टीबीचं औषध चालू असेल तर तेही सांगा. टीबीचं रिफॅम्पिसिन एस्ट्राडायॉल झपाट्याने संपवतं.

माय_वऱ्हाडातली
बाई, माह्या अंगातून आगच निंघे. भाचीनं पुण्याहून पट्ट्या आनून देल्ल्या. वावरात निंदाले गेली का घामानं पट्टी सुटून लुगड्याले चिपके. मंग डॉक्टरनं जेल देल्लं. रातच्याले आंघोय करून दंडाले लावते, वाऊ देते, मंगच चुलीजवय जाते. त्यात स्पिरिट असते, पेट घेते. अन् नातीले मांडीवर घ्याच्या आंधी बाही खाली करते. लेकराच्या अंगाले लागू नोये मनून. छातीले लावू नोको.

वावरातली_वहिनी
कार्ड सापडलं. पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली होतं. टीएएच आणि पुढे बीएसओ. जाऊबाई बराच वेळ त्या तीन अक्षरांवरून बोट फिरवत बसल्या. चार वर्षं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आज दोघी परत गेलो. आईच्या गाठीबद्दल आधी विचारलंच नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, गोळी रद्द करून जेल लिहून दिलं. प्रोजेस्टेरॉन नको म्हणाले. टीएसएच दोन महिन्यांनी.

परिचारिका_वर्धा
फार बरं केलंत. पहिल्या दोनतीन आठवड्यांत फरक दिसला नाही तर घाबरू नका. मात्रा मनाने वाढवू नका, ट्यूबसोबतच्या मापानेच घ्या. पायाची एक पोटरी सुजून दुखली किंवा छातीत कळ आली तर लगेच दवाखान्यात.

वावरातली_वहिनी
आज अठरावा दिवस. काल रात्री एकदाच उठल्या. मी जागीच होते, उशी उलटल्याचा आवाज आला नाही.

एक विचारायचं राहिलं. आमचं घर टिनाचं आहे, एप्रिलपासून आत भट्टी होते. जेल कुठे ठेवता?

माय_वऱ्हाडातली
माठाच्या मांगं, भिताडाच्या सावलीत. झाकन घट्ट लावून.