महामार्गाच्या भरावामुळे शेतात पाणी तुंबतंय, मोबदला उचलल्यावर दाद मागता येते का?

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यात आमची सव्वातीन एकर काळी जमीन आहे. त्यातली ३८ गुंठे राष्ट्रीय महामार्गात गेली, तीही तिरपी. विहीर अलीकडे राहिली आणि पलीकडे २२ गुंठ्यांचा त्रिकोणी तुकडा. भुयारी मार्ग अडीच किलोमीटरवर आहे, त्यामुळे त्या तुकड्याच्या नांगरटीला ट्रॅक्टरवाले यायलाच तयार नसतात. पाइपलाइन भरावाखाली गाडली गेली.

पण खरं दुखणं पाण्याचं. रस्ता शेतापेक्षा दहा-बारा फूट उंच आहे. पूर्वी वरच्या रानांचं पाणी आमच्या बांधाकडेच्या ओघळीतून ओढ्याला जायचं. आता नळमोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला नळ, आहे, पण ओघळीपासून शंभरेक फूट लांब आणि चढाला. यंदा सोयाबीनमध्ये आठ दिवस गुडघाभर पाणी होतं. शेंगा भरायच्या आत मुळं सडली. वडील रोज बांधावर जाऊन नुसते बघत उभे राहायचे.

रस्ता नको होता असं नाही. भाजीची गाडी आता दीड तास आधी बाजारात पोचते, हे आम्हीही अनुभवतो. समृद्धी महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी खास ओलांडमार्ग बांधले, ते चांगलंच झालं. पाण्याच्या जुन्या वाटांनाही आराखड्यात तेवढीच जागा मिळायला हवी, असं मनापासून वाटतं.

राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ मधलं कलम ३-जी(७) वाचलं. मोबदला ठरवताना बाजारभावासोबत जमीन तुटल्याचं नुकसान आणि उरलेल्या मालमत्तेची हानीही धरायची असते. आमच्या निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशात, जमीन, झाडं आणि दिलासा रक्कम, एवढंच आहे. रक्कम मान्य नसेल तर ३-जी(५) नुसार लवादाकडे जाता येतं. वडिलांनी मात्र हरकत न नोंदवता पैसे उचलले.

अशा स्थितीत कुणी लवादाकडे गेलं आहे का? मुदतीचा प्रश्न आला का? पाणी तर निवाड्यानंतर तुंबायला लागलं, मग त्याचा दावा वेगळा करायचा का? आणि सगळ्यात निकडीचं म्हणजे, ओघळीच्या जागी नवी मोरी मागायला अर्ज नेमका कुणाकडे द्यायचा? ठेकेदाराची माणसं म्हणतात, नकाशाप्रमाणे काम केलं. कार्यालयात म्हणतात, काम पूर्ण झालं.

पाण्याचे तारखेसह फोटो आहेत, तलाठ्यांचा पंचनामा आहे. भूमी अभिलेखच्या जुन्या गटनकाशात अशी ओघळ दाखवलेली असते का, तेही कुणी सांगा.

हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली आहे आणि रानाला अजून वाफसा नाही, म्हणजे पेरण्याजोगी सुकलेली नाही.