क्यूरीबाई आत गेल्या म्हणजे फाटक उघडं होतं?

काटेकोर: काल कुणीतरी लिहिलं, "मेरी क्यूरीला दोनदा नोबेल मिळालं. दार उघडंच होतं, बाकीच्या गेल्या नाहीत." रात्रभर डोक्यात भुणभुणलं, म्हणून लिहितेय. अहो, १९०३ च्या शिफारशीत तिचं नावच नव्हतं. तिच्या नवऱ्याला, पियरला, आतून कुणकुण लागली, त्याने पत्र लिहिलं, तेव्हा ते आलं. १९११ च्या जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीने तिला सदस्यत्व नाकारलं, त्याच वर्षी दुसरं नोबेल! कुंपणावरून उडी मारणारीला दाखवून फाटक उघडं म्हणताय.

उलटतपासणी: आणि तुमच्या बाजूचं काय? "राष्ट्राध्यक्ष पुरुष, मालक पुरुष, म्हणून पुरुष मजेत." शिखर बघून डोंगर मोजायचा? माझा भाऊ मोबाइल टॉवरवर चढायचा. पट्टा सुटला, कंबर गेली. सांगा त्याला, तू सत्ताधारी वर्गातला म्हणून.

काटेकोर: भावाचं वाईट वाटलं, खरंच. पण मी हे म्हटलंय कुठे? बुजगावणं उभं करून झोडपताय.

बेरीजवजाबाकी: थोडं अवांतर. अमेरिकेतलं बर्कली विद्यापीठ, १९७३: अर्जदारांपैकी पुरुष ४४ टक्के घेतले, बायका ३५. विभागवार पाहिलं तर फरक जवळजवळ गायब. जिथे प्रवेश अवघड, तिथेच बायकांचे अर्ज जास्त.

उलटतपासणी: झालं! भेदभाव नव्हताच.

बेरीजवजाबाकी: घाई नको. हे आकडे ज्यात आले तो १९७५ चा निबंधच म्हणतो, मुलींना त्या विषयांकडे वळवणं आधीच, शिक्षणात आणि घडणीत झालेलं असतं.

सोडादेवा: खड्ड्यात गेले तुमचे विभाग. गेल्या महिन्यात बैठकीत शीट माझी, सूत्रं माझी, लॅपटॉपही माझाच. साहेब शेजारच्या पोराला म्हणाले, "तू जरा समजावून सांग." त्याला कुठला टॅब उघडायचा तेही माहीत नव्हतं.

उलटतपासणी: एक साहेब म्हणजे सगळे पुरुष?

सोडादेवा: एक भाऊ म्हणजे सगळे पुरुष?

उलटतपासणी: भावाला मध्ये आणू नका.

सोडादेवा: आणला कुणी?

उलटतपासणी: बाई आहात म्हणून असंच बोलणार.

काटेकोर: घ्या, माणूस बघून मुद्दा खोडला! तर्कदोषांचा संग्रह पूर्ण.

उलटतपासणी: दोषांना नावं देणं सोपंय. तर्क फसला म्हणजे निष्कर्ष खोटा, हाही दोषच. क्यूरीचं उदाहरण कच्चं होतं, मान्य. ते माझं नव्हतंच, त्यामुळे फुकटात मान्य करतोय. शिखराबद्दल मात्र अजून कुणी तोंड उघडलेलं नाही.

बेरीजवजाबाकी: बर्कलीचं राहिलंच. सहा मोठ्या विभागांपैकी चारांत बायकांचं प्रवेशाचं प्रमाण उलट जास्त होतं...

सोडादेवा: अरे बाबा, कुणी विचारलं?