‘जीबी’ लिहून १०२४ च्या पटीत मोजणे विंडोजने थांबवावे का?

फोंड्याहून : जत्रेतल्या नाटकाचे चित्रीकरण घेण्यासाठी मी ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन स्टुडिओत गेलो. तेथल्या मॅकवर सर्व फाइली मिळून ६२ जीबी दिसत होत्या आणि माझ्या विंडोज लॅपटॉपवर पेनड्राइव्हची मोकळी जागा ५९.६ जीबी दिसत होती, म्हणून मी मुकाट्याने दुसरा पेनड्राइव्ह विकत घेतला. घरी आल्यावर कळले की त्याच फाइली विंडोजवर ५७.७ जीबी भरतात, म्हणजे पहिल्या पेनड्राइव्हवरही त्या मावल्या असत्या. मॅक २००९ पासून १००० च्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या, आणि एकक मात्र दोघेही ‘जीबी’च लिहितात. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १०२४ च्या पटींसाठी किबी, मेबी, गिबी हे उपसर्ग १९९८ मध्येच ठरवून दिले आहेत. विंडोजने एक तर आकडा बदलावा, नाही तर नाव.

म्हापशाहून : मी संगणक दुरुस्त करतो आणि मला हे पटत नाही. रॅम १०२४ च्या पटीतच मोजली जाते. ८ जीबी रॅमची संपूर्ण प्रत डिस्कवर उतरवली, तर तुमच्या नव्या हिशेबाने ती ८.५९ जीबी दिसेल आणि गोंधळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईल. शिवाय ‘गिबिबाइट’ हा शब्द माझ्या दुकानात आजवर एकाही गिऱ्हाइकाने उच्चारलेला नाही. एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसली की लोक मला जाब विचारतात. तो विचारायचा असेल तर डिस्क बनवणाऱ्यांना विचारावा.

फोंड्याहून : डिस्क बनवणाऱ्यांचे काय चुकले? किलो म्हणजे हजार, हे आपण किराणा दुकानात शिकलो. किलोच्या पातळीवर फरक २.४ टक्के होता, तेव्हा कानाडोळा चालून गेला. टेराच्या पातळीवर तो जवळजवळ १० टक्के आहे. जुन्या फ्लॉपीची तर कमालच होती. तिच्यावरचे ‘१.४४ एमबी’ म्हणजे १४,७४,५६० बाइट, अर्थात १४४० गुणिले १०२४. एकदा हजाराने आणि एकदा १०२४ ने गुणून झालेला तो संकर कोणत्याच पद्धतीत बसत नाही.

साखळीहून : पूर्वी धान्याची खंडी प्रांतोप्रांती वेगळी भरायची, पण व्यापाऱ्याला निदान कुठली खंडी हे विचारता येत असे. लिनक्सवरही एकवाक्यता नाही. ग्नोम या डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर हजाराने मोजतो, तर केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर डॉल्फिन १०२४ ने मोजतो, मात्र तो ‘एमआयबी’ (मेबिबाइट) असे प्रामाणिकपणे लिहितो. तरीही तुम्ही दोघे एककावरच अडून बसला आहात, असे मला वाटते. डिस्कवरची जागा ४०९६ बाइटांच्या तुकड्यांनी वाटली जात असेल, तर ५००० बाइटांची फाइल ८१९२ बाइट अडवते. अशा हजारो लहान फाइली असल्या, की ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ यांतली तफावत गिगाच्या पातळीवरच्या तुमच्या सुमारे साडेसात टक्क्यांच्या फरकाला सहज मागे टाकते.

म्हापशाहून : हे मान्य, पण नाटकाच्या मोठ्या फाइलींना ते लागू होत नाही. मी अशा वेळी ‘प्रॉपर्टीज’ उघडून बाइटांचा पूर्ण आकडा दाखवतो. तो मॅकवर आणि विंडोजवर सारखाच असतो.

फोंड्याहून : अकरा अंकी आकडा स्टुडिओत उभ्याउभ्या ताडून पाहायचा, यापेक्षा ‘जी’ आणि ‘बी’ यांच्या मधोमध एक ‘आय’ छापणे विंडोजला जड जाऊ नये.